टेबलावर बसून केलेली टेस्ट

४ डिसें.
नवे मॅनेजर विचारत होते, व्हेंटचं तापमान पॅनलवर दिसतंच की, मग टेस्ट कशाला. सांगितलं, आकडा दिसणं वेगळं आणि वेळेवर स्टीम, म्हणजे तापवणारी वाफ, बंद होणं वेगळं. सोयाबीनमधून तेल काढायला आपण हेक्झेन वापरतो, ते पेट्रोलसारखं पेटतं. ते परत थंड करणारं गार पाणी बंद पडलं तर ते व्हेंटमधून, हवेत उघडणाऱ्या नळीतून, बाहेर येणार. तिथला सेन्सर तापमान वाढल्याचं कळवतो आणि स्टीमचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, त्यालाच ट्रिप म्हणतात. होतो का, ते वर्षातून एकदा बघायचं. शेवटी उद्या दोन तास प्लँट बंद द्यायला तयार झाले. मागच्या वर्षी मिळालाच नव्हता.

५ डिसें.
सेन्सर काढून तापवायच्या ब्लॉकमध्ये ठेवला. चाळीस, पन्नास, साठ. आकडे बरोबर. व्हॉल्व्ह पंचेचाळीसला बंद व्हायचा, हललासुद्धा नाही. पॅनल उघडलं. ट्रिपच्या टर्मिनलांवर वायरचा तुकडा. जंपर. म्हणजे ट्रिप कधी येणारच नाही.
वायर इतकी नीट सोलणारा आमच्याकडं एकच माणूस. बब्रुवानकाका, येडशीचे, पॅनल ऑपरेटर. मी डिप्लोमा करून आले तेव्हा बाईमाणूस म्हणून कुणी वर चढू देईना, यांनी स्वतः शिडी धरली होती.
रिपोर्टवर ‘नापास’ लिहिलं. जंपरचंही लिहिलं. मॅनेजर साहेबांना देऊन आले.

६ डिसें.
जेवणाच्या सुट्टीत काकांना विचारलं. नाही म्हणाले नाहीत.
“व्हय, म्याच लावला. गेल्या सालच्या पावसाळ्यात लई खोट्या ट्रिपा यायच्या. तवाचे साहेब मलाच बोलायचे. तुला दोनदा सांगितलं व्हतं, सुरेखा.”
सांगितलं होतं. तेव्हा मी आबांना, वडिलांना, सोलापूरला दवाखान्यात नेत होते. बघते म्हणाले, आणि राहिलं.
आज सेन्सरचं डोकं उघडून बघितलं. आत पाणी, गंजलेला स्क्रू, सैल वायर. साफ करून घट्ट केली. अर्धा तास लागला. एवढंच काम होतं.

७ डिसें.
मागच्या वर्षीचा रिपोर्ट काढला. सगळे रकाने भरलेले, ‘पास’. सही माझी. त्या दिवशी मी टेबलावरून उठलेसुद्धा नव्हते. तेव्हा वर जाऊन बघितलं असतं तर... नको.

८ डिसें.
काकांना घरी बसवलं. रिटायरमेंटला चार महिने राहिले होते. जंपर काढायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, सीझन संपल्यावर बघू. आवारात ट्रक उभे आहेत, ट्रिप आली तर उत्तर कोण देणार. पॅनलला कुलूप घातलं, किल्ली त्यांच्या खिशात.
माणूस काढला, जंपर ठेवला.

१० डिसें.
येडशीला गेले. काकूंनी चहा दिला. काका ओट्यावर बसून होते. मग एकच विचारलं, “माझं लिहिलंस ते बरोबरच हाय. तुझं लिहिलंस का?”
चहा तसाच ठेवून उठले. बसस्टँडपर्यंत कशी आले आठवत नाही.

१२ डिसें.
लिहिलं. मागच्या वर्षी टेस्ट केली नाही, सही खोटी आहे, बब्रुवानकाकांनी बिघाड तोंडी कळवला होता, दुर्लक्ष माझं. साहेबांनी उभ्यानंच वाचलं. घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं.
“मॅडम, ऑडिट तोंडावर आलंय. हे तुम्ही दिलं नाही आणि मी वाचलं नाही.”
काकांचं काय, विचारलं. ते फोनवर बोलायला लागले.
माझं काहीच होणार नाही. ते जास्त...

१३ डिसें.
त्या कागदाची दुसरी प्रत माझ्याकडं आहे. कारखाना निरीक्षकांकडं द्यावी का. दिली तर प्लँट बंद, सगळ्यांचा सीझन बुडाला. झोप नाही, जेवण जात नाही. आई विचारते, काय झालंय. काय सांगू.

१५ डिसें.
काकांच्या जागी माने आलेत. शांत माणूस, साखर कारखान्यातून आलेला. दुपारी विचारत होते, व्हेंट तापलं तर स्टीम आपोआप बंद होते ना.
म्हटलं, नाही. आकड्यावर नजर ठेवा, चव्वेचाळीस दिसलं की हातानं बंद करा.
त्यांनी पॅनलवरच्या आकड्याकडं बघितलं. मग म्हणाले, “आणि मी जेवायला उठलो तर?”