दवाखाना बंद पाडायची माझी मोहीम

१ जानेवारी, गुरुवार
संकल्प एकच: देश सुधारणे. वॉशिंग्टनला आपलं ऐकू जात नसेल तर सुरुवात गावापासून. आमच्या व्हर्माँट राज्यात निदान तेवढी सोय आहे. मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव शाळेच्या जिममध्ये बसतं आणि बजेटचं एकेक कलम मत देऊन मंजूर करतं, नाहीतर उडवतं. यंदा गावाचा दवाखाना उडवायचा. एक खोली, एक वजनकाटा, एक नर्स. डॉट पेलेटिए. रक्तदाब मोजते, लसी टोचते. माणसाच्या दंडात सरकारचं काय काम? डॉट बाई म्हणून चांगलीच आहे. माझा राग धोरणावर आहे, व्यक्तीवर नाही. (हे वाक्य रेडिओवर वापरायचं.)

८ जानेवारी, गुरुवार
गावच्या रेडिओवरचा माझा कार्यक्रम उत्तम झाला. अर्थकारण, राजकारण, आरोग्य, तिन्ही अर्ध्या तासात. आज अंड्यांची महागाई घेतली. सेंट्रल बँकेला चार शब्द सुनावले. मग श्रोत्यांचे फोन. पहिल्यानं विचारलं, ते बर्फ उडवायचं मशीन विकलं गेलं का. दुसऱ्यानंही तेच. तिसऱ्या बाईला पाळणा हवा होता. माझ्या आधी जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा कार्यक्रम असतो, त्याचे हे फोन, असं आर्लीनचं म्हणणं. आर्लीन माझी बायको. तिला अर्थशास्त्र कळत नाही. बाजारात मागणी आहे, हेच तर मी सांगत होतो!

१९ जानेवारी, सोमवार
बोलायचं तसं वागायचं. आजपासून घरात परदेशी मालावर जकात. आर्लीनची बहीण सीमेपलीकडून, क्वेबेकहून, चीज पाठवते. जाहीर केलं: चीजच्या दर तुकड्यामागे आर्लीननं एकदा दारातला बर्फ उपसायचा. देशी उद्योगाला, म्हणजे माझ्या कंबरेला, संरक्षण.

२० जानेवारी, मंगळवार
आर्लीननं कॉफीची निर्यात थांबवली. म्हणाली, स्वयंपाकघर माझा देश, तुझा तू बघ. गरम पाणी पिऊन बातम्या पाहिल्या. सुरुवातीला थोडी झळ बसतेच.

२२ जानेवारी, गुरुवार
जकात उठवली. माघार नव्हे, वाटाघाटी यशस्वी. बर्फ मी उपसला. चीज छान होतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
किराणा दुकानात डॉट भेटली. म्हणाली, हार्लन, गावात फ्लू आलाय, आता तरी टोचून घे. मी म्हणालो, माझा तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तत्त्वाला ताप येत नाही. ती म्हणाली, तत्त्वाला नाही रे येत, तुला येतो, आणि मग तू आर्लीनचा जीव खातोस. दुकानात हशा पिकला. लोक नर्व्हस झाले की हसतात.

मग म्हणाली, दवाखाना बंद झाला तर म्हाताऱ्यांना डोंगर उतरून शहरात जावं लागेल, बर्फात कोण नेणार त्यांना? मी म्हणालो, मुक्त बाजार नेईल. ती म्हणाली, बरं, त्याला म्हणावं चाकांना बर्फाच्या साखळ्या लावून ये.

उत्तर सुचलं होतं. घरी आल्यावर.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
वातावरण फिरतंय. घरपट्टी वाढणार हे कळल्यापासून लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. पोस्टात रॉइस किट्रेज म्हणाला, हार्लन, या खेपेला तुझ्या बोलण्यात थोडा अर्थ आहे. थोडा! रॉइसच्या तोंडून म्हणजे टाळ्यांचा कडकडाटच. कार्यक्रमात दवाखान्यावर सगळा वेळ बोललो. पाळणा विकला गेला म्हणे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
शिंका. ॲलर्जी आहे.

२८ फेब्रुवारी, शनिवार
आवाज बसला. ॲलर्जीच. आर्लीननं विचारलं, या दिवसांत कसली? बाहेर नुसता बर्फ. मी म्हणालो, बर्फाची.

२ मार्च, सोमवार
ताप. सगळं अंग ठणकतंय. आर्लीन म्हणते उद्या घरी पड. अशक्य! गावसभेला हजर असेल त्याचंच मत धरतात. भाषण पाठ आहे. आवाज उद्या सकाळपर्यंत परत येणार, मी ठरवलंय.

३ मार्च, मंगळवार
आवाज आला नाही.

झालं ते शांतपणे लिहून ठेवतो. जिम खच्चून भरलेला. मी आर्लीनच्या शेजारी, कोट-मफलर घालून कुडकुडत. माझ्या दुसऱ्या बाजूला डॉट येऊन बसली. एवढ्या जिममध्ये नेमकी तिथेच!

दवाखान्याचं कलम आलं. मी उठलो आणि भाषण सुरू केलं. अध्यक्ष बॅचेल्डर म्हणाले, मोठ्यानं बोल हार्लन. मी जीव तोडून मोठ्यानं बोललो. मागून कुणीतरी ओरडलं, काय म्हणतोय तो? पुढचा म्हणाला, रेडिओवर म्हणतो तेच. बसलो. बसल्या बसल्या डॉटनं माझ्या तोंडात थर्मामीटर खुपसला. म्हणाली, ओठ मिट, बोललास तर पुन्हा पहिल्यापासून.

आधी तोंडी मत घेतलं. हो आणि नाही, दोन्हींचा आवाज सारखाच. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, दवाखान्याला पैसे द्यावेत असं वाटतं त्यांनी उभं राहा. मी घट्ट बसलो होतो. पण डॉट उठली आणि काखेत हात घालून मलाही उठवलं. चल, खिडकीपाशी वाऱ्याला चल, तू भाजतोयस नुसता. पायात जोर नव्हता, तोंडात काच होती. मोजणारा माझ्याकडे बोट करून पुढे गेला!

मग नाही म्हणणारे उभे राहिले. मी तर उभाच होतो, दोन्ही हात हलवले. अध्यक्ष म्हणाले, हार्लन, एका माणसाचं एकच मत.

दवाखाना वाचला. एका मतानं.

पण मी नियम कोळून प्यायलेला माणूस. फेरविचार मागता येतो, आणि तो फक्त जिंकलेल्या बाजूच्या माणसाला. जिंकलेल्या बाजूचा माणूस कोण? मी! डॉट थर्मामीटर काढू देईपर्यंत जेवणाची सुट्टी झाली होती, हॅम आणि बीन्सपुढे रांग लागली होती. तरी अध्यक्षांना गाठलं, कानात मागणी केली. त्यांनी माइकवरून विचारलं, हार्लन टुम्ब्लींना फेरविचार हवाय, कुणाचं अनुमोदन?

चमचे वाजत राहिले. रॉइसनं बीन्स वाढून घेतले. आर्लीनकडे पाहिलं. ती विणत होती. म्हणाली, हार्लन, मी तुझं सगळं ऐकून घेते ना? त्यात अनुमोदन आणखी मागू नकोस.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी दर आठवड्याला घसा फोडला ती सगळी माणसं समोर होती, आणि एकानंही मान वर केली नाही.

७ मार्च, शनिवार
अंथरुणात. गावच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर: टुम्ब्लींचं मतपरिवर्तन, दवाखाना वाचला. जळजळीत खुलासा लिहायला घेतला. तेवढ्यात शेजारची म्हातारी मिसेस ड्रेक ॲपल पाय देऊन गेली, घरी भाजलेला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, हार्लन, तू देवमाणूस. खुलासा सध्या थांबवलाय. पाय संपू दे.

आर्लीनला म्हणालो, डॉट नेमकी माझ्याच शेजारी कशी बसली कोण जाणे. ती म्हणाली, मी फोन करून बसवलं, तू तिथे कोसळशील अशी भीती वाटत होती मला.

१२ मार्च, गुरुवार
आवाज परत! रेडिओ स्टेशनला फोन केला. ते म्हणाले, मी नव्हतो तेव्हा खरेदी-विक्रीचा कार्यक्रम एक तासाचा केला, तो फार चाललाय. उन्हाळ्यानंतर बघू म्हणाले. देशाचं काय होणार?

१९ मार्च, गुरुवार
आर्लीननं पोस्टात जायचं म्हणून गाडीत बसवलं आणि दवाखान्याच्या दारात उतरवलं. डॉट म्हणाली, ये, शेवटच्या एक-दोन लसी उरल्यात. पुन्हा आजारी पडायची ताकद नव्हती. शर्टाच्या दोन्ही बाह्या वर केल्या.

डॉटनं विचारलं, कुठल्या दंडात टोचू, तुझं काय मत?

या वर्षात माझं मत विचारणारं हे पहिलंच माणूस. खुर्चीत सावरून बसलो, घसा खाकरला, आणि म्हणालो, डॉट, या प्रश्नाला दोन बाजू आहेत.

तोवर तिचं टोचून झालं होतं.