भाजलेली माती

कळंब, ९ सप्टेंबर २०२५

आपल्या धुऱ्याच्या मातीले मेली म्हणणारी तू कोण गं? चार बुकं शिकली अन आजीच्या वावराले सुतक लावून राह्यली!

आता आशीर्वाद. चि. मंजुषा, तुले आजीचे उदंड आशीर्वाद. वि. वि., तुझ्या नागपूरच्या प्रयोगशाळेचा कागद आला. तुझ्या बापानं, मधुसूदननं, मोठ्यानं वाचला : धुऱ्याच्या मातीत जिवंत काहीच सापडलं नाही. त्याले तेवढंच पाह्यजे होतं. २२ तारखेचा जेसीबी सांगून आला. म्हणते, धुरा खालच्या पडीक तुकड्यावानीच मेला असन तर जागा कायले अडवायची? सपाट करून कपाशीची पऱ्हाटी लावू.

दोन वावरांच्या मधातल्या त्या धुऱ्याच्या पट्ट्याले मी साठ वर्षं नांगर लागू देला नाही. हात घातला का गांडूळ बोटाले लागते. अन तुझं यंत्र म्हणते, काही नाही! त्याले चष्मा लाव.

माती पाठवताना मी काय कसर ठेवली? खडे निवडले, चाळली, दोन दिवस ऊन दाखवलं, अन वाटेत कीड लागू नये म्हणून रव्यावानी कढईत मंद आचेवर भाजली. शेजारची सुखीबाई म्हणे, एवढी साफ माती तर देवालेही कोणी वाहत नाही.

वेळेवर जेवत जाय. फोटोत गालाची हाडं दिसून राह्यली. लोभ आजीवर ठेव, यंत्रावर कमी.

तुझी आजी


नागपूर, १५ सप्टेंबर

ती. आजीस मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि कढईपाशी आल्यावर खाली बसले. अगं आजी, त्या मातीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. त्यांच्या डीएनएवरून कोण कोण आहे याची आम्ही हजेरी घेतो. तू तर अख्खी वस्ती भाजलीस! पण चूक माझी. ‘स्वच्छ पाठव’ एवढंच लिहिलं होतं. तुझ्या घरात स्वच्छ म्हणजे काय, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

खालचा तुकडा तणनाशकांनी दगड झाला आहे. तिथे नुसतं शेणखत पुरणार नाही, आपल्याच शिवारातले जीव परत नेऊन सोडावे लागतील. धुऱ्याची माती हे त्याचं विरजण आहे. ते एकदा गेलं की बाजारात मिळत नाही.

पुन्हा तपासू, असं बाबांना फोनवर म्हटलं. ते म्हणाले, आजीच्या मायेपोटी तू कागद फिरवून राह्यली. भाजल्याचं मी बोलले नाही. ते तू सांगशील.

चमचा उकळून गार कर, वीतभर खोलची माती घे, काही निवडू नकोस, बर्फात ठेवून त्याच दिवशी पाठव. आठ दिवसांत कळवते. रागावलीस तरी पत्र लिहीत राहा.

तुझी मंजुषा


कळंब, २३ सप्टेंबर

चि. मंजुषास आजीचे आशीर्वाद. विरजण म्हटलं तवा समजलं. पहिलेच तसं सांगितलं असतं तर कढई काढलीच नसती. जलमभर दही लावलं, अन विरजण भाजाची अक्कल म्हातारपणी सुचली!

काल जेसीबी आलता. पण मी सकाळीच घट मांडला, घरात नाही, धुऱ्यावर, टेंभुर्णीखाली. डायवरनं पाह्यलं, यंत्र बंद केलं अन हात जोडले. तुझा बाप लाल झाला, पण चपला काढूनच जवळ आला. बसलेला घट दसऱ्यापर्यंत हालवत नाही, हे त्याले मीच शिकवलं.

माती आजच धाडली. बर्फ सुखीबाईच्या फ्रिजातला. एक गांडूळ आलं. निवडू नको म्हटलं म्हणून राहू देलं. डबा नागपूरच्या एसटीत कंडक्टरजवळ देला अन बजावलं, इंजिनाजवळ ठेवशीन तर याद राख. एकदा भाजली तेवढं पुरे.

मधुसूदनले अजून सांगितलं नाही. तीनदा ताट वाढताना तोंड उघडलं. दर वेळी, मीठ पुरलं का, एवढंच निघालं. पोरापुढं चूक कबूल कराची सवय नाही मले. तोही माह्यावरच गेला.

तुले लाडू ठेवले आहेत, मुंग्या लागाच्या आत ये. लोभ आहेच, तो नासू देऊ नको.

तुझी आजी

ता. क. उत्तर दसऱ्याच्या आत पाह्यजे, अन माह्या नावानं नको. पाकिटावर बापाचं नाव टाक. मातीत काय सापडलं ते मागून. पहिल्या ओळीत लिही का माती आईनं भाजली होती. अन त्या पत्राचं उत्तर तुले त्यानंच लिहायचं, मी नाही. कागद-पेन त्याच्या उशाशी ठेवलं आहे.