वेलपत्तीच्या मधोमध बहिरूमामा

जुन्नर, दि. ९ जानेवारी

चि. सौ. इंद्रायणीस,

अनेक आशीर्वाद. तुझी कंबर आणि दादाभाऊंचा खोकला यांस उतार असेल, अशी अपेक्षा आहे. माझी प्रकृती काल दुपारी चारपर्यंत उत्तम होती.

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. एक: डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्यास जाताना मी आपल्या वडिलांचा घडीचा पितळी स्टोव्ह तुझ्याकडे आळ्यास ठेवला. दोन: ‘यास कोणीही हात लावू नये’ अशी चिठ्ठी डब्यात घातली. तीन: काल तो परत आला. चौथी गोष्ट लिहिण्यापूर्वी मला पाणी प्यावे लागले.

टाकीवर साठ वर्षे मुरलेला तो गडद मधाचा रंग (जो कोणत्याही पॉलिशने येत नाही) तू चिंच-मिठाने घासून काढलास. ज्या तीन पायांची वक्रता पाहण्यासाठी जाणकार चष्मा पुसून घेतात, त्यांना हळदकुंकू वाहिलेस. हेही मी सोसले असते. परंतु टाकीच्या पोटावर जी नाजूक वेलपत्ती उठवलेली आहे, तिच्या बरोबर मधून ठिपक्याठिपक्यांनी कोरले आहे: ‘कै. बहिरू गेणू यांच्या प्रथम पुण्यस्मरणार्थ’. तुझ्या सासऱ्यांविषयी मला आदरच आहे. पण त्यांनी हयातीत हा स्टोव्ह पाहिलासुद्धा नव्हता.

मी दादाभाऊंना फोन केला. वर्षश्राद्धाला वाटायचे पाण्याचे तांबे नाव घालायला आळेफाट्यावर पाठवले, त्याच पोत्यात हाही गेला, असे त्यांनी अत्यंत शांतपणे सांगितले. वर मलाच म्हणाले, “पावणं, पितळंचं भांडं अन् त्याच्यावर नाव न्हाई, हे बरं दिसतं का? जेवायला आलेल्या कुणीबी पिशवीत घालून न्हेलं असतं.” चिठ्ठीविषयी विचारले, तर म्हणाले, “व्हती की. तिच्याच पाठीवर तर मजकूर लिहून दिला.”

पंचवीस तारखेला पुण्यात जुन्या स्टोव्हांचे प्रदर्शन आहे आणि आपल्या स्टोव्हाची निवड केवळ त्या वेलपत्तीसाठी झाली आहे. तिच्यावर मी नऊ पानी टिपण लिहून पाठवले आहे. त्यात बहिरूमामांचा उल्लेख नाही. परीक्षकांना मी काय सांगावे, हे तूच सुचवावेस.

तुझा ज्येष्ठ बंधू,
सावळाराम

ता. क. नाव घालणाऱ्याला तू याच स्टोव्हावर चहा करून दिलास, असे दादाभाऊ म्हणाले. हे खरे आहे काय? वडील गेल्यापासून माझ्या हातून तो एकदाही पेटलेला नाही. (हे कृपया कोणास सांगू नये.) प्रदर्शनाच्या नियमानुसार तो परीक्षकांसमोर पेटवून दाखवावा लागतो. तरी तू चोवीस तारखेलाच यावेस.

आणखी ता. क. आत्ताच पंप उघडून पाहिला. आतले वायसर नवीन दिसले, म्हणून दादाभाऊंना पुन्हा विचारले. ते तू बहिरूमामांच्या जुन्या चपलेचे चामडे कापून, खोबरेल लावून बसवलेस, असे कळले. म्हणजे मामांचा या स्टोव्हात काही वाटा आहेच. नावाची तक्रार मी मागे घेतो आणि टिपणास दहावे पान जोडतो. तू येणार की नाही, ते लेखी कळवावे. फोनवर तू हसतेस.