राखेत पडणारा तांदूळ

प्रिय अल्गिस,

अक्षर शेजारच्या ब्रोनेचं आहे, वैताग माझा. बिचारी शर्टांच्या कारखान्यातून दमून आली, तिला बटाटे आणि आंबट साय खायला घालून लिहायला बसवलंय. एखादं वाक्य फार गुळगुळीत लागलं तर समज, त्यावर तिने इस्त्री फिरवली.

तुझ्या त्या तळघरातल्या बॉयलरने माझा जीव खाल्लाय. बसवताना तू म्हणाला होतास, आजी, आता फावडं नको, वरच्या पेटीत तांदूळ ओतायचा, पुढचं यंत्र बघेल. (ब्रोने, तांदूळ म्हणजे बारीक दाण्याचा कोळसा असं लिही. डेट्रॉइटला राहून पोरगं विसरलं असेल आणि म्हणेल म्हातारी खीर शिजवतेय.) पहिला हिवाळा उबेत, सुखाचा गेला. राख पिठासारखी मऊ पडायची. यंदा मात्र खालच्या टबात राखेबरोबर लाल निखारे पडतात, अर्धे कच्चे. नवी नवरी होते तेव्हा खाणीमागच्या ढिगावर गुडघे टेकून कोळसा वेचायचे. सत्तरी उलटली तरी तेच चाललंय, फक्त आता घरातल्या घरात.

आणि तुझा आजोबा! डॉक्टरने सांगितलंय, छातीत खाणीची धूळ भरलीय, जिना चढायचा नाही. तर हा पाना घेऊन दिवसातून पाच वेळा तळघरात. तेरा पायऱ्या, वर येताना तीनदा बसतो. श्वास असा वाजतो की मी स्वयंपाकघरात पायऱ्या मोजते आणि मधे आवाज थांबला की हातातलं टाकून धावते. मी म्हटलं, अरे, कोळसा कमीजास्त करायचा बोल्ट पाव फेरा फिरवावा, मग चार तास विस्तव बघावा, हे चाळीस वर्षं खाणीत काढलेल्याला मी सांगायचं? तर म्हणतो, तू बीटाचं सूप बघ. आज कोळसा जास्त ढकलतो, उद्या पंख्याची झडप बंद करतो, परवा दोन्ही एकदम. दोन्ही एकदम केल्यावर कशाने काय बिघडलं ते देवाला तरी कळेल का?

शेवटी मीच युरकोनिस कोळसेवाल्याला बोलावलं आणि त्याच्यावरच घसरले, तांदूळ सांगितला तर मोठा दाणा घातलास म्हणून. त्याने मूठभर कोळसा माझ्या नाकाखाली धरला. म्हणाला, ओना मावशी, हा तांदूळ नसेल तर मी पाद्री आहे. मग कोट काढून बसला. कोळसा कमी केला, थांबला, कॉफी प्यायला, पुन्हा बघितलं. जाळीच्या कडेला बोटभर जळून गेलेल्या राखेचा पट्टा राहू दिला, त्यामागे निळ्या बुटक्या ज्वाळा. म्हणाला, आता ईस्टरपर्यंत हात लावू नका. म्हातारा पायरीवर बसून सगळं बघत होता.

दोन दिवस राखेचं पीठ. तिसऱ्या दिवशी पुन्हा निखारे. तेव्हा मला शंका आली. मला अक्षर येत नाही, रेघ येते. तो झोपलेला असताना खाली गेले, सगळं युरकोनिसने ठेवलं होतं तसं केलं आणि बोल्टावर साबणाने रेघ ओढून आले. सकाळी बघते तर रेघ पार उलट्या बाजूला तोंड करून बसलेली. एवढा फेरा चुकून होत नाही, पोरा. ज्याने खाणीच्या अंधारात नुसत्या वासावरून विषारी हवा ओळखली, त्याला एक बोल्ट कळत नाही?

मी त्याला सूप वाढलं. तर भाकरी मोडत म्हणतो कसा, ते पोराचं यंत्र आहे, पोरालाच कळणार, अल्गिसला कळवायला हवं. गेल्या आठवड्यातही हेच, त्याच्या आदल्या आठवड्यातही हेच. मी आपली विस्तवाला शिव्या देत बसले होते.

म्हणून हे पत्र. बॉयलरला काही झालेलं नाही. जाताना तू त्याला म्हणालास, आजोबा, आता ह्याला हात लावू नका, आणि तो म्हणाला, मग तूही ह्या घराला लावू नकोस. दोघंही आपापल्या शब्दाला चिकटलात, तू फिरकला नाहीस, त्याने बोलावलं नाही. त्याला लिहायला लाज वाटते, म्हणून विस्तव बिघडवतो आणि तेरा पायऱ्या चढून वर येऊन सांगतो की बिघडलाय. पाना घेऊन ये. तुझी चूक होती असं म्हणू नकोस, त्याची होती असंही नको. नुसतं विचार, आजोबा, कुठे बिघडलंय, दाखवा. आणि यायचंच नसेल तर तसं स्पष्ट लिही. ब्रोने वाचेल, मी त्याला सांगेन. निदान तो खाली जायचा थांबेल.

तुझीच,
काळ्या हातांची ओना आजी