सहाणेवरची गाठ

आई, तुझ्या नातीचं बाळंतपण करून काल घरी आले. पाठ नुसती मोडलीय. बॅग रिकामी करताना तुझी सहाण हाताशी आली. तिकडे लेकीनं विचारलं होतं, "आई, व्हॉट इज धिस स्टोन?" आजीची, एवढंच म्हटलं. पुढचं सांगायचं त्राण नव्हतं. हे पत्र तरी कुठे टाकणार आहे म्हणा!

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. शिकागोजवळचं ते दोन खोल्यांचं अपार्टमेंट, ही तान्ही, तू माझ्या बाळंतपणाला आलेली, माझी पीएच.डी. अर्धवट, आणि जेवणाच्या टेबलावर ओकच्या पानांचे ढीग. पानांवर किड्यांमुळे झालेल्या गाठी. कुठली गाठ कुठल्या किड्याची, हे ओळखायचं माझं काम. शिरेवर आहे की कडेला, गुळगुळीत की लवदार, मग ब्लेडनं कापून आतली अळी बघायची. एका सकाळी बघते तर ट्रेमधली एक टणक गाठ गायब, आणि तू ओट्याशी ती सहाणेवर उगाळतेयस! "अगं, गुटीतलं मायफळ संपलं. हे तेच दिसतंय, तुरट लागतं बघ." मी केवढ्यानं ओरडले. मायफळ हे फळ असतं, हे किड्याचं घर आहे, माझ्या लेकीच्या तोंडात घालणार होतीस? तुला काही कळतं का? तू सहाण धुतलीस. "बरं बाई, तू शिकलेली," म्हणालीस, आणि परत जाईपर्यंत गुटीचं नाव काढलं नाहीस. सहाण इथेच ठेवून गेलीस.

नंतर इंडियन ग्रोसरीत मायफळाची पुडी दिसली. घरी येऊन सवयीनं एक कापलं. मधोमध पोकळी, आणि तीत वाळलेली इवलीशी गांधीलमाशी. मायफळ म्हणजे ओकवरची गाठच गं, इराण-तुर्कस्तानकडच्या कुठल्यातरी ओकवरची! बाळाला अनोळखी काही द्यायचं नाही, तेवढं माझं बरोबर होतं. पण ज्या गाठी ओळखण्यात मी पाच वर्षं घालवली, त्यातली एक तू मला पाळण्यात असताना चाटवली होतीस. मला ती ओळखता आली नाही. तू नुसती जिभेला लावून ओळखलीस.

सगळ्यांना मी सांगते, हे मला आई गेल्यावर कळलं. खोटं आहे ते. पुडी आणली तेव्हा तू होतीस, पुढे आणखी दोन वर्षं होतीस. दर रविवारी फोन व्हायचा. "त्या गाठींचं काम कसं चाललंय गं?" तू विचारायचीस, आणि मी म्हणायचे, इकडे बर्फ फार पडलाय.