आईच्या शिकेकाईचा फेस

शिनोली,
२१ फेब्रुवारी २००६

प्रिय रुपाली,

सकाळी लाईट नव्हती. अंगणात शिकेकाईच्या शेंगा वाळत घातल्या. दुपारी पोस्टमन तुझं पत्र देऊन गेला. चार वेळा वाचलं. उत्तर लिहायला बसलो, उठलो, गोठ्यात जाऊन आलो, परत बसलो. हल्ली घरात एका जागी थांबवत नाही.

तुझी आई जाऊन उद्या महिना होईल. शेजारची लंकाबाई भाकरी देऊन जाते. माझं बरं चाललंय.

तुमच्या सोसायटीतल्या बायकांना आईची शिकेकाई हवी आहे, केमिकल नसलेली, आणि तुला पाकिटावर तिचा फोटो छापायचा आहे, असं तू लिहिलंस. 'आप्पा, गेल्या वर्षी भीमाशंकरला घेतली होती तशीच हवी म्हणतात, तसाच फेस, तसाच वास.' या ओळीशी मी अडतो.

आई शिकेकाई, आवळकाठी आणि हिरडा एवढंच कुटायची. आम्ही भीमाशंकरला वाटेवर बसायला लागलो तेव्हा शहरातल्या बायका पाकीट नाकाला लावून विचारायच्या, 'नॅचरल आहे ना, काका?' आणि घ्यायच्या. पुढच्या खेपेला त्याच म्हणायच्या, 'केस चिकट राहतात हो, फेसच येत नाही.' आई म्हणायची, 'डोकं धुवायचंय का घोंगडं, बाई?' त्या हसून पुढे जायच्या. घरी आल्यावर ती उरलेली पाकिटं फोडून परत डब्यात ओतायची. मला ते बघवेना.

मी घोडेगावातून धुण्याची सुटी पावडर आणि वाळ्याचं अत्तर आणलं आणि विकायच्या शिकेकाईत मिसळलं. पाकिटं मीच भरायचो, त्यामुळे तिला कळलं नाही. विकायचा डबा वेगळा केला, घरचा वेगळा. मग पाकिटं संपायला लागली. एका बाईने तिचा हात धरून सांगितलं, 'मावशी, दुकानातल्या शाम्पूपेक्षा तुमचं शुद्ध आहे.' परतीच्या एसटीत आई शिनोली येईपर्यंत बोलत होती. 'बगा, म्या म्हनत व्हते ना? येळ लागला, पर वळखलं लोकांनी.' मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

ती गेली त्या दिवशी, तू पोहोचायच्या आधी, बायकांनी तिला न्हाऊ घातलं. लंकाबाईने फळीवरचा डबा काढला. दोन्ही डबे दिसायला सारखेच. मी पडवीत होतो. आतून लंकाबाई म्हणाली, 'आपल्या अंबाबाईच्या शिकेकाईला कवापासून एवढा फेस यायला लागला? किती पानी वतलं तरी जाईना.' वाळ्याचा वास पडवीपर्यंत आला. उठून सांगायला हवं होतं, हा नको, दुसरा डबा घ्या. मी बसून राहिलो.

हे कुणाला सांगितलं नव्हतं. तू फोटोचं काढलंस म्हणून लिहावं लागलं. सोबत एक पाकीट पाठवतो, घरच्या डब्यातलं, तिनेच कुटलेलं. त्याला तसा फेस येणार नाही. बायकांना आधी ते वापरू दे, आणि मी काय केलं तेही सांग. त्यांना चाललं तर अंगणातल्या या शेंगा मी कुटून देईन. नको म्हणाल्या तर राहू दे. पण तिच्या फोटोखाली ते दुसरं जाता कामा नये. तो विकायचा डबा मघाशी उकिरड्यावर पालथा केला. तीनदा धुतला, अजून फेस येतोय. हे पाकीट चिकटवतो आणि परत धुवायला घेतो.

तुझाच,
आप्पा