कुंकवाचं पाकीट आणि केदारचा हात

प्रति,
मा. श्री. वॉरन टॉलिव्हर साहेब,
काँग्रेसमन,
मतदारसंघ कार्यालय, दुसरा मजला,
न्यू जर्सी

अर्जदार: प्रल्हाद विठोबा खराडे, वय ५८, धंदा: स्कूल बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक, राहणार पिस्कॅटवे

विषय: माजी सैनिक केदार प्रल्हाद खराडे याचं संमतीपत्र जमा करून घेऊन त्याच्या हाताची फाइल २९ जूनच्या आत बंद होण्यापासून वाचवण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा ९ जानेवारी २००७ चा अर्ज (लाल पावडरचा म्हणून आपल्याकडं प्रसिद्ध). २) आपलं १४ फेब्रुवारीचं छापील उत्तर. ३) आपल्या ऑफिसनं न फोडता परत केलेली पाकिटं, नग तीन.

महोदय,

अर्जदार प्रल्हाद खराडे हा सातवी पास. त्यापुढं मिरजेच्या एसटी डेपोत हेल्पर म्हणून जे शिकला ते शिकला. एक्याण्णव साली बहिणीनं बोलावून घेतला म्हणून इकडं आला. सिटिझन आहे, टॅक्स भरतो, आपल्याला दोनदा मत दिलंय. सदर अर्ज मराठीत कशाला, असं आपण विचाराल. तर अर्जदाराचं इंग्लिश पत्र आपल्याकडं मशीन वाचतं आणि मशीनच उत्तर पाठवतं. मराठी कागद मशीनला कळत नाही, तो माणसालाच वाचावा लागतो. आपल्या ऑफिसात आश्लेषा म्हणून मुलगी आहे. जन्म इथलाच, पण रविवारच्या मराठी शाळेत अक्षरं गिरवलेली. तीच फोनवर म्हणाली, "काका, तुम्ही मराठीत लिहा, मी ट्रान्सलेट करून सरांच्या टेबलवर स्वतः ठेवते. फक्त प्लीज, आत काही टाकू नका." तिला यावरून कोणी रागावू नये. आपल्या ऑफिसात अर्जदाराचा फोन उचलणारी ती एकटीच आहे.

१. केदार हा अर्जदाराचा धाकटा. दोन हजार दोन साली, वीस वर्षांचा असताना, आर्मीत गेला. अर्जदार नको म्हणत होता, आई तर चार दिवस धड जेवली नाही. तो म्हणाला, "बाबा, शाळा इथली, मित्र इथले, मग लढायला काय मिरजेहून पोरं मागवायची का?" इराकमध्ये तो सामानाचा ट्रक चालवायचा. दोन हजार चारच्या नोव्हेंबरात पुढच्या गाडीखाली बाँब फुटला आणि पत्र्याचा एक तुकडा याच्या उजव्या मनगटात घुसला. तिथल्या मेडिकनं रस्त्यातच पट्टी बांधली, आणि हा पठ्ठ्या त्याच हातानं स्टिअरिंग धरून ट्रक मुक्कामाला घेऊन गेला. चूक झाली ती इथं. तिथंच आडवा पडला असता तर जखमेचा कागद झाला असता. ट्रक पोचवला, म्हणून कागद झाला नाही.

घरी आल्यावर वर्षभरात बोटं आखडायला लागली. आज तीन बोटं मुठीत मिटलीत ती उघडत नाहीत. आर्मीत डिझेल इंजिनचं काम शिकून आलेला पोरगा, बापाबरोबर गॅरेज काढणार होता. आता त्याच्या हातात पाना ठरत नाही. शर्टाची बटणं आई लावते, तेव्हा तो भिंतीकडं बघत उभा राहतो. डॉक्टरचं म्हणणं, नस दबलीय, ऑपरेशननं हात येईल, पण या वर्षात झालं तरच. नंतर लाकूड. माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात ऑपरेशन होतं, मात्र जखम नोकरीतली आहे हे आधी त्यांच्या ऑफिसनं मान्य करायला हवं. मार्च दोन हजार सहात क्लेम टाकला. पंधरा महिने झाले. ऑफिस म्हणतं, त्या दिवसाची नोंद आमच्याकडं नाही, तुम्ही आणा. आर्मीच्या रेकॉर्डवाल्यांना तीन पत्रं घातली. ते म्हणतात, शोधतोय. इकडं ऑफिस म्हणतं, २९ जूनपर्यंत नोंद आली नाही तर फाइल बंद.

आश्लेषा सांगते की काँग्रेसमनच्या लेटरहेडवर चौकशी गेली की रेकॉर्डवाल्यांना महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं, आणि तोवर फाइल उघडी ठेवतात. त्यासाठी त्याची फाइल बघायची आपल्याला परवानगी देणारं, केदारच्या सहीचं संमतीपत्र आपल्याकडं जमा व्हायला पाहिजे. काम एवढंच. बाकी जे घडलं ते खाली.

२. नऊ जानेवारीचा पहिला अर्ज अर्जदाराची नात आन्या हिनं इंग्लिशमध्ये टाइप केला, आणि त्यातच संमतीपत्र घातलं. पाकीट चिकटवायच्या आत अर्जदाराची बायको अहिल्या आडवी आली. म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसाकडं कागद निघालाय आणि तसाच कोरडा?" तिनं चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं, चिमूटभर अक्षता कागदात बांधून आत ठेवल्या. साहेब, आमच्यात शुभकामाचा कागद असाच निघतो. लग्नाची पत्रिका असो, पोराचं परीक्षेचं हॉल तिकीट असो, नवीन गाडीचे पेपर असोत. केदारच्या भरतीच्या फॉर्मलाही तिनं कुंकू लावलं होतं. तो फॉर्म आर्मीनं घेतला, पोरगाही घेतला. तेव्हा कोणी पळालं नाही.

आपल्या ऑफिसात मात्र पळाले. दोन हजार एक साली टपालातून अँथ्रॅक्सची विषारी पावडर आली, तेव्हापासून लोक धास्तावलेत हे अर्जदाराला समजतं. पाकीट फोडलं, लाल-पिवळं काहीतरी टेबलवर सांडलं, आणि अख्खी बिल्डिंग रिकामी केली. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरचे पेशंट तोंडात कापूस घेऊन फुटपाथवर उभे होते म्हणे. आगीच्या बंबातून पांढऱ्या पोशाखातली माणसं आली आणि त्यांनी बायकोच्या अक्षता चिमट्यानं उचलून डबीत भरल्या. थंडीत लोकांना दीड तास उभं राहावं लागलं याचं अर्जदाराला वाईट वाटतं; आधी कळलं असतं तर गॅरेजातला मोठा थर्मास भरून चहा घेऊन आला असता. कुंकवाबद्दल मात्र माफी मागणार नाही. बायकोनं आपलं भलं चिंतलं होतं.

३. अर्ज पोचला त्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेसातला, इमिग्रेशनचे दोन अधिकारी दारात हजर. एक उंच, एक बुटका. पत्र कोणी धाडलं, घरात कोण कोण, कोणाकडं काय कागद. अर्जदार आणि केदार सिटिझन. अहिल्या मात्र अजून ग्रीन कार्डवर, कारण माहेरी जायला व्हिसा काढणं तिच्या तत्त्वात बसत नाही. तर तिच्या कार्डाचा नंबर लिहून घेतला. बुटक्यानं विचारलं, "पावडर काय होती?" बाईनं देव्हाऱ्यातला करंडा आणून त्याच्यापुढं धरला. म्हणाली, "ही. लावू का?" तो दोन पावलं मागं सरकला. अर्जदाराला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

मग अहिल्या म्हणाली, "बसा, पोहे झालेत." उंच अधिकारी बसला. तेवढ्यात केदार जिन्यावरून उतरला. त्या माणसाची नजर आधी हातावर गेली, मग डोक्यावरच्या आर्मीच्या टोपीवर. "कुठं होतास?" केदारनं सांगितलं. तो माणूस उठून उभा राहिला. तोही तिकडूनच आला होता, एक वर्ष आधी. दोघं पाच मिनिटं खिडकीपाशी हळू बोलले. इराकहून आल्यापासून केदार कोणाशी इतकं सलग बोललेला अर्जदारानं पाहिला नव्हता. निघताना उंचानं विचारलं, "क्लेमचं काय?" केदार म्हणाला, "दहा महिने झाले." तो म्हणाला, "तुमच्या घरी यायला आम्हाला तीन दिवस लागले," आणि मान हलवून गाडीत बसला.

एवढ्यावर भागलं नाही. त्यानंतर वेगवेगळे अधिकारी आणखी दोनदा येऊन गेले, त्याच करंड्याबद्दल. तिसऱ्या वेळी अहिल्यानं दार उघडल्या उघडल्या विचारलं, "कार्ड आणू का आधी, का पोहे?"

४. आता आपलं १४ फेब्रुवारीचं उत्तर. आन्यानं ते दोनदा वाचून दाखवलं. "आपण आपली काळजी कळवल्याबद्दल आभार," असं लिहून खाली आपल्या तीन भूमिका छापल्या आहेत. केदारचं नाव त्यात कुठंच नाही.

आपण लिहिता, इमिग्रेशनच्या बंदोबस्ताला जादा पैसा मिळावा म्हणून आपण मत दिलं. दिलंत ते दिसतंय. अर्जदार बंदोबस्ताच्या विरुद्ध नाही. स्वतः रांगेत अकरा वर्षं थांबून आलाय, रांग मोडणाऱ्याचं कौतुक त्याला नाही. पण एका चिमूट कुंकवासाठी सहा माणसं, तीन गाड्या, तीन सकाळी, आणि केदारच्या क्लेमच्या ऑफिसात फोन लावला तर एक तास पन्नास मिनिटं बाजा वाजतो, मग एक बाई दमलेल्या आवाजात सांगते, "सर, माझ्याकडं एकटीकडं नऊशे फाइली आहेत." ती खोटं बोलत नाही. अर्जदारानं तिला विचारलं, "ताई, जेवलीस का?" ती रडायला लागली. त्या बजेटातली चार माणसं तिच्या शेजारी बसवा. कुंकवाला भ्यायचं काम उरलेली माणसं करतील.

आपण लिहिता, माजी सैनिकांच्या पाठीशी आपण ठाम उभे आहात. साहेब, आपण खरंच उभे होतात. गेल्या ऑक्टोबरात मराठी मंडळाच्या दिवाळीला शाळेच्या हॉलमध्ये आलात, बटाटेवड्याबरोबरची मिरची चावलीत, डोळ्यांत पाणी आलं, अर्जदारानंच पाण्याचा ग्लास दिला. मग केदारच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढलात. "काही लागलं तर कधीही सांग," असं म्हणालात. तो फोटो पंधरा दिवसांत घराघरांत पत्रकावर आला. तर आता आपण ऐका, केदारला लागलंय.

आणि आपण लिहिता, इंटरनेटवर मुलांनी काय पाहू नये यासाठी आपण कायदा आणताय. फार चांगलं. अर्जदाराच्या मुलीची, रुपालीची, मुलगी आन्या अकरा वर्षांची आहे. क्लेमची फाइल कुठवर आली हे ऑफिस म्हणतं वेबसाइटवर बघा. अर्जदाराला इंजिन कळतं, वेबसाइट कळत नाही. केदारच्यानं टाइप होत नाही, आणि रुपाली दोन नोकऱ्या करते. तेव्हा हे काम आन्या करते. तिथं पहिल्याच पानावर विचारतात, तुमचं वय अठरा पूर्ण आहे का? ती "हो" वर टिचकी मारते आणि आजोबांकडं बघते. मग घटनेचं वर्णन मागतात. पुढची गाडी कशी पेटली, आत कोण होतं, मामाचं रक्त कुठवर आलं होतं, हे मामा सांगतो आणि ती टाइप करते. तीन वेळा केलंय, कारण दोनदा पान गायब झालं. तिसऱ्या वेळी ती मामाला म्हणाली, "Mama, you don't have to say it again. I remember." आपल्या या कायद्यात हे पान कुठं बसतं ते अर्जदाराला समजावून सांगावं.

५. फेब्रुवारीनंतर अर्जदारानं नुसतं संमतीपत्र तीनदा पाठवलं. कोरडं, बिनकुंकवाचं. अहिल्या तिन्ही वेळा अर्जदाराशी बोलली नाही. तिन्ही पाकिटं न फोडता परत आली. आश्लेषानं सांगितलं की खराडे हे नाव एका यादीत पडलंय, या नावाचं टपाल आत घ्यायचं नाही, आणि यादीतून नाव काढायचा अधिकार फक्त आपल्याला. म्हणजे ज्याच्या नावानं चौकशी करायची, त्याचंच नाव दारात अडवलेलं. म्हणून हा अर्ज टपालानं नाही, आश्लेषाच्या हाती.

सबब अर्जदाराची मागणी एकच आहे: खराडे हे नाव त्या यादीतून खोडावं, सोबतचं संमतीपत्र जमा करून घ्यावं आणि केदारच्या नोंदीची चौकशी आपल्या सहीनं पाठवावी. मेहेरबानी म्हणून नको. दुसऱ्या कुठल्या भूमिकेचं छापील पत्र तर नकोच.

सोमवार ११ जूनला सकाळी नऊ वाजता अर्जदार स्वतः येत आहे. वर सोडलं नाही तर खाली फुटपाथवर उभा राहील. दातांच्या डॉक्टरला आधीच विचारून ठेवलंय, त्यानं खुर्ची देतो म्हणून सांगितलं. मंगळवारी परत येईल. बुधवारीही. गॅरेजमधली पंधरा दिवसांची सुट्टी शिल्लक आहे, ती २९ जूनपर्यंत बरोबर पुरते. अहिल्याही येणार आहे, तिला थांबवायची हिंमत अर्जदारात नाही. केदार म्हणाला, "बाबा, मी भीक मागायला येणार नाही." अर्जदारानं त्याला सांगितलं, "भीक नाही रे. तू ट्रक पोचवलास ना? तसाच हा कागद पोचवायचाय." काल संध्याकाळी तो स्वतःचे बूट पॉलिश करत बसला होता. एका हातानं.

दोनदा मत दिलेला आणि तिसऱ्यांदा विचारात पडलेला,

प्रल्हाद विठोबा खराडे
पिस्कॅटवे, ता. ४ जून २००७

सोबत:
१. आपलं छापील उत्तर, मूळ प्रत. परत करत आहे, घरात ठेवायला जागा नाही.
२. आपलं प्रचाराचं पत्रक. डावीकडून दुसरा तो केदार.
३. न फोडलेली पाकिटं, नग तीन. अजूनही फोडून बघावीत, आत फक्त कागद आहे.
४. संमतीपत्र. सही केदारची, डाव्या हातानं केलेली. आर्मीच्या कागदांवरच्या जुन्या सहीशी ती जुळणार नाही. जुळत नाही म्हणून फॉर्म परत पाठवू नये. जुळत असती तर हा अर्ज करायची वेळच आली नसती.